उन्हाचं खातं

ढोक्यांचा अंकुश दारव्ह्याहून आला,
गच्चीवर टेपचं दुसरं टोक धरायला मलाच उभं केलं.
"तीन किलोवॅट आरामात बसते काकू."
म्हटलं, बसते ते दिसतंच आहे बाप्पा,
लागते किती ते सांग.

पतसंस्थेत एकतीस वर्षं दुसऱ्यांचं व्याज काढलं मी.
बारा महिन्यांची बिलं तारेत ओवलेली होती:
मे, दोनशे नव्वद युनिट, सगळे कुलरनं खाल्लेले.
डिसेंबर, एकोणऐंशी.
वर्षाची बेरीज एकोणीसशे वीस, भागिले बारा, एकशे साठ.
दोन किलोवॅट रग्गड.

"दिवसाला आठ युनिट धरा," तो म्हणाला.
मी सहा धरले.
तुरी काढल्या की मळणीयंत्राचा भुसा आठ दिवस आमच्याच दिशेनं येतो,
श्रावणात आभाळ सुट्टीवर असतं,
आणि जरा आवाज खाली करून त्यानंच सांगितलं,
शेचाळीस डिग्रीत पॅनल थोडं कमी देते.
म्हणजे त्याचंही आपल्यासारखंच.
"आणि वानरं?"
"काच मजबूत आहे."
वानरंही मजबूत आहेत.

एक लाख अठ्ठावीस हजार.
साठ हजार सबसिडी परत येणार.
'येणार' एवढंच मी पेन्सिलीनं लिहिलं.
राहिले अडुसष्ट.
बिल वर्षाला साडेसतरा हजार,
त्यातला स्थिर आकार काही सूर्य भरत नाही,
वर्षातून दोनदा कोणी पुसायला आलं त्याची मजुरी,
हातात उरतात पंधरा.
"साडेचार वर्षांत वसूल!" अंकुशनं मोबाइल बंद केला.
मी विचारलं, एफडी मोडली तर तिचं व्याज कोण धरणार?
त्यानं मोबाइल परत उघडला.
पावणेसहा.

मला चौसष्टावं चालू आहे.
सत्तरीच्या उंबऱ्यावर पैसे फिटतील,
वॉरंटी संपेल तेव्हा एकोणनव्वद.
तेव्हा कोणाची गच्ची, कोणाचं बिल.

हे जिन्यात उभे राहून ऐकत होते.
"माही खाट कुठी टाकाची?"
चाळीस उन्हाळे हे वर झोपतात,
होळीनंतर गादी चढते ती मृगातच उतरते.
म्हटलं, खाली झोपा ना, कुलर आता फुकट.
हे बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "कुलर फुकट भेटला म्हून काय त्याची घरघर आयकाची?"
हा खर्च कुठल्या रकान्यात टाकावा, कळलं नाही.
सरगुंड्यांच्या बाजा टाकायची जागाही त्याच कोपऱ्यात.
दोन्ही रकाने मोकळे ठेवले.

एक आकडा मी अंकुशला दाखवला नाही.
अठ्ठ्याऐंशीचा मे, दिग्रसच्या फाट्यावरचा खांब,
सुधाकरदादा वायरमन होता,
फेज बांधून खाली उतरला, सावलीत बसला,
उठलाच नाही.
खिशात कांदा तसाच होता.
ऊन लागलं, म्हणाले सगळे.
आपल्या भाषेत ऊनही लागतं
आणि देणंही लागतं.

सदतीस वर्षं झाली, खातं थकीत आहे.
वर्षाला पंधरा हजारांत ते फिटायचं नाही,
मुद्दलाला तर हातसुद्धा लागायचा नाही.
पण थकलेला माणूस काउंटरवर आला
की आम्ही एवढंच म्हणायचो:
जमेल तेवढं भर, पण रोज भर.

अंकुशला सांगितलं, दोनच लाव.
दक्षिणेला तोंड कर,
आणि टाकीकडची पट्टी सोड, खाटेपुरती.
त्यानं परत टेप काढला.
साडेसहा फूट, एक बोट कमी.
"पाय मुडपून झोपन मी," हे जिन्यातूनच बोलले.

वही उघडली आहे.
नाव लिहिलं आहे, ऊन, राहणार सगळीकडे.
सोमवारपासून पिग्मी.