एक घंटी

पायावरून कळतं मला.
तोंडातून आवाज नाही, घाम नंतर.
आधी यांचा उजवा पाय ताणतो,
चवडा गोधडीत रुततो
आणि माझ्या बाजूची चादर
सरसर खाली जायला लागते.

तीन दहा. कधी तीन वीस.
धनकवडीत त्या वेळी फक्त कुत्री जागी,
आणि वरच्या कदमांची टाकी भरून वाहत असते.

बोगदा संपतो, म्हणतात.
उजेड येतो, खाली सगळं कात्रज दिसतं,
तळं, दूध डेअरी, आपली गच्चीसुद्धा,
आणि पाय ब्रेकवर ठेवला की
खाली काहीच नसतं.
काहीच म्हणजे कसं? मी विचारलं होतं, पहिल्या वर्षी.
बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
पाणी जास्त झालेल्या कणकेत बोट जातं ना, तसं.
मागे बघावं तर गाडी भरलेली.
कुणी ओरडत नाही.
सगळे सुटे पैसे हातात धरून बसलेले.

खऱ्यात तसं काही झालं नव्हतं.
सांगते, कारण लोक काहीबाही समजतात.
खऱ्यात ब्रेक लागला होता, उशिरा.
गाडी डोंगराला घासून थांबली,
एक शेळी गेली, एका म्हाताऱ्याची छत्री मोडली.
चौकशी झाली, निर्दोष म्हणून कागद आला.
कागद कपाटात आहे, प्लास्टिकमध्ये.
स्वप्नाला तो दाखवायचा कसा?

सासूबाईंनी उशीखाली अडकित्ता ठेवला.
मी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली,
घरभर नुसता खोकला झाला.
डेपोतलं कुणी म्हणालं, झोपताना एक पेग.
तो एक वर्षभर चालला. त्याबद्दल नको.

मग बिबवेवाडीच्या केंजळे बाई.
म्हणाल्या, दिवसा लिहा, उजेडात.
स्वप्न तेच, पण शेवट तुमच्या मर्जीचा.
आणि रोज झोपण्याआधी एकदा वाचा.
हे घरी येईपर्यंत हसत होते.
पण शलाकाची अर्धी कोरी वही घेतली
आणि जन्मभर लिहिलं तसंच लिहिलं:
"वेळ ३.१०. खेड शिवापूर ते स्वारगेट. ब्रेक निकामी.
गाडी सुखरूप डेपोत जमा."

बाई म्हणाल्या, उतार कुठे गेला?

खरंच की. मी फॉल-पिको करते, मला लगेच कळलं.
न उसवता वरून टाके घातले
तर साडी नेमकी तिथेच ओढली जाते.
मग पाच दिवस हे उतार लिहीत बसले.
एकेक वळण, पहिला गिअर,
कठड्याचे पांढरे दगड, एकही सोडला नाही,
आणि सहाव्या दिवशी वही माझ्याकडे सरकवली.
पुढे सुचत नाही. तू चढ ना गाडीत.

मी? मी काय करू गाडीत?

घंटी मार. एक.
दोन म्हणजे चला, एक म्हणजे थांबा.
इतक्या वर्षांत कुणी मारलीच नाही.

तेव्हापासून माझ्या उशाशी स्टीलचा तांब्या असतो
आणि बोटात अंगुस्तान, झोपेतही.
चादर सरकायला लागली की
एकदाच.
टण.

नेहमी लागू पडतं असं नाही.
गेल्या मंगळवारी तीनदा मारली,
शेवटी कदमांनीच वरून विचारलं, काय चाललंय?
पण कधी कधी चवडा सुटतो,
पाय पुन्हा यांचा पाय होतो
आणि माझ्या पोटरीला येऊन टेकतो, गार.

सकाळी मी काही बोलत नाही.
हे चहा घेतात, वही उघडतात.
आज लिहिलंय:
"घंटी ऐकू आली. गाडी थांबली. प्रवासी उतरले.
एक म्हातारा छत्री विसरला आहे.
परत करायची."