पाणी जोखणारा

एकतीस वर्षं मी कालव्याचे दरवाजे
उघडले आणि मिटले.
समुद्राच्या बाजूला एक पट्टी, आत दुसरी,
दोन्हींवरचे आकडे पहाटे सहाला वहीत.

आता तेच मला विचारतात:
रात्री किती वेळा उठता?
धार कशी आहे?
थोपवता येते का, आणि कुठवर?
मी म्हणालो, बाई, पाण्याचा हिशेब मला नवा नाही.
डॉक्टर रूलीन हसली नाही.
चौकटीत तिनं तीन लिहिलं.

रक्ताच्या दोन नळ्या. वय एकाहत्तर.
मधुमेह नाही.
रक्त पातळ ठेवायची गोळी: हो, हृदयासाठी.
सगळं यंत्रात गेलं आणि पडद्यावर
शंभर माणसं उगवली, दहा-दहाच्या ओळींत,
एकाच उंचीची, बिनचेहऱ्याची.
अठरा नारिंगी.
"किरणोपचारानंतर तुमच्यासारख्या शंभरांत
अठरा जणांना, दोन-तीन वर्षांत,
शौचातून रक्त जातं."

तिसऱ्या ओळीतला शेवटचा
मला जरा माझ्या भावासारखा वाटला,
हाक मारल्याशिवाय पुढे न येणारा.
"यातला मी कोणता?"
"ते नाही सांगता येत, वीब्रन."

घरी हिस्के बटाटे सोलत होती.
तिला म्हणालो, हवामान खातं काय वेगळं सांगायचं?
वादळाची शक्यता तीस टक्के.
तीस टक्के वादळ कुणी पाहिलंय?
येतं तेव्हा अख्खं येतं.
ती म्हणाली, तरी तू पोती भरून ठेवायचास.
ठेवायचो.
बहुतेकदा ती तशीच फोडून
वाळू परत ढिगावर ओतायचो,
आणि कुणी आभार मानले नाहीत.

कमरेवर तीन ठिपके गोंदले.
खलाशाला शोभेलसं काही नाही, तिळाएवढे.
वीस दिवस रोज, तासभर आधी,
अर्धा लिटर पाणी पिऊन यायचं:
भरलेलं मूत्राशय आतड्याला वर सारतं,
किरणांच्या वाटेतून बाजूला.
यॉरित हे समजावत होता, पोरगेलासा, कानात बाळी.
मला एका वाक्यात पटलं.
पाणी चढवलं की बोट उचलली जाते.

नवव्या दिवशी यंत्र अडलं.
बाहेर आम्ही चौघं, गुडघे जुळवून,
आपापलं पाणी धरून बसलेले.
चाळीस मिनिटं.
डेयक्स्ट्राला धरवलं नाही.
दोनशे गाईंचा धनी, आवाज अख्ख्या गोठ्याला पुरेल असा;
खुर्चीकडे बघत उभा राहिला.
आम्ही तिघं खिडकीतून
खालच्या सायकली मोजत राहिलो.
माझ्या चौतीस झाल्या.
मग शाळामास्तरनं स्वतःचा कोट काढून
न बोलता त्याच्या हातात दिला.

हे कुठल्याच चौकटीत नव्हतं.

सव्वीस महिने काही नाही.
मग नोव्हेंबरात एका सकाळी
भांड्यातलं पाणी गुलाबी.
घाबरलो नाही असं नाही.
काठाला हात टेकून उभा राहिलो,
पट्टीवरचा आकडा वाचायचो तसा.
पण हा पाहुणा अनोळखी नव्हता,
त्याचं नाव आधीच सांगून ठेवलं होतं.
हिस्केला हाक मारली
तेव्हा माझा आवाज माझाच होता.

नळी घालून पाहिलं. नवी गाठ नाही.
किरणांचंच, म्हणाली रूलीन, आवरता येईल.
मग पेन हातात फिरवत:
"तुमची नोंद पुढच्या हिशेबात घेऊ का?"
म्हणजे मी नारिंगी.
कुठल्या ओळीत, मी विचारलं नाही.

हार्लिंगनचा कुणी, मांडीवर टोपी ठेवून,
आता त्या पडद्यासमोर बसला असेल.
त्याच्या आकड्यात
माझा केसभर वाटा.
डेयक्स्ट्राचा असेल का, कोण जाणे.
कोट परत केला त्यानं, धुऊन, इस्त्री करून,
खिशात चीजचा तुकडा घालून.

जुन्या वहीत शेवटची काही पानं कोरी होती.
आजची नोंद:
रात्री दोनदा.
वारा वायव्येचा, साधारण.
पाणी स्वच्छ.