हातचा

डॉनकास्टरच्या क्रीडासंकुलात, सकाळी नऊ दहाला
पहिला संघ मॅटवर येतो
आणि आम्ही पाच परीक्षक
हातचा राखून गुण देतो.
अजून सत्तावीस संघ यायचेत.
आत्ताच साडेआठ दिले तर दुपारी काय द्यायचं?

दुपारी येतात मोठ्या क्लबच्या मुली,
टिकल्याटिकल्यांचे पोशाख, केसांत एकसारखे बो,
आणि सकाळचा हातचा
त्यांच्या पदरात पडतो.
लबाडी कुणीच केलेली नसते.
बेरीज तपासा, बरोबर येईल.

गेल्या हिवाळ्यात मॉरीन ओल्ड्रॉइडने
आम्हाला पुन्हा शाळेत बसवलं.
सत्तरीची बाई, दोन्ही गुडघे बदललेले.
जुना व्हिडिओ लावला, आवाज बंद केला,
पडद्याच्या वरच्या अर्ध्यावर
भांडी पुसायचं फडकं टाकलं.
म्हणाली, "आता द्या."

वरची हसरी मुलगी गेली.
उरली मनगटं, कोपरं,
एकीची थरथरणारी पोटरी,
आणि अर्धं पाऊल सरकून
तिने सावरलेला सगळा डोलारा.

उतरंडीतलं खालचं मडकं
बघतं कोण?

त्याच संघाला मी तेव्हा
सात पूर्णांक एक दिला होता.
कागदावर अक्षर माझंच.
शेरा : हसू कमी.

आता क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो.
दोघांनी फक्त पायांकडे बघायचं.
ग्रॅहम कुरकुरतो, असं मोजत बसलं की मजा जाते.
जाते थोडी. खोटं कशाला बोलू?

आज नऊ दहाला मेक्सबरो.
बो नाहीत, साधी रबरं, एकीचं हिरवं.
खाली डावीकडे मनगटाला पट्टी बांधलेली पोर
श्वास मोजत उभी.
मी साडेआठ लिहिले.
शेजारच्या कागदाकडे निघालेली नजर
कान धरून परत आणली.
दुपारी याहून सरस कुणी आलं तर?
तर नऊ.
नऊच्या पुढेही आकडे आहेत,
हे मला बालवाडीपासून ठाऊक होतं.

मेक्सबरो चौथे आले.
चहाच्या यंत्रापाशी एका आईने अडवलं :
कुठे कमी पडलं?
सात वर्षांत पहिल्यांदाच
माझ्याकडे उत्तर होतं.
तिसरी फेक, उजवा पाय उशिरा.
तिने ते पार्किंगच्या पावतीमागे लिहून घेतलं.

पट्टीवाली पोर तिच्या मागेच होती, तोंडात चिप्स.
"हो," ती म्हणाली, "माझाच होता तो पाय."