चौतीस नंबरचा तुकडा

खोक्यावर छापलेलं गाव
कुठल्यातरी जर्मन डोंगरातलं.
उभ्या उताराची छपरं, बर्फ घसरून पडावं म्हणून.
दस्तगीर मुल्लानं खोकं माझ्या बाकावर ठेवलं,
म्हणाला, "ह्याचं हलगरे कर."

सलगरे म्हणायचं होतं त्याला.
वरचे सगळे दात गेल्या महिन्यात काढलेले,
कवळीचं माप माझ्याकडंच, प्लास्टरात वाळत.
'स' दातांच्या आडोशाला राहतो,
पोटभाडेकरूसारखा. घर पाडलं की तोही जातो.

मिरजेत, मिशन दवाखान्याच्या मागच्या बोळात
माझी बारा बाय आठची खोली.
ज्यांची तोंडं मी बघितलेली नसतात
त्यांचे दात घडवतो दिवसभर.
मुल्ला बोळातलाच, म्हणून थेट आला.
एकतीस वर्षं सांधेवाला, नॅरोगेजवर.
लाईन रुंद झाली, छोटी गाडी गेली,
आता पलंगाखाली नऊ फुटी फळी,
तिच्यावर रूळ, आणि नातवानं
शारजाहून धाडलेलं एक इंजिन
जे फिरतं, पण थांबायला त्याला गाव नाही.

रात्री शटर अर्धं ओढून बसायचो.
प्लास्टिकच्या फांद्यांना
खिडक्या लगडलेल्या, दारं, पन्हळी,
प्रत्येकीच्या देठाशी बारीक आकडा.
कागदावर भाषा नाही, नुसते बाण.
देठ कापायचा, खरबरीत कड घासायची,
दाताची कड घासतो तशीच,
जिभेला लागेल म्हणून.
हा गोंद चिकटवत नाही,
दोन्ही कडा थोड्या थोड्या वितळवतो.
मग धरून बसायचं. श्वास बेतानं.
दोन भिंती एक व्हायला
एक कप चहा थंड होण्याइतका वेळ.

बर्फाचा उतार मी करवतीनं उतरवला.
"हलगऱ्याला पाणी टँकरनं यायचं," मुल्ला म्हणाला,
"बर्फ कुठनं आणालाय?"
पत्र्याचं छप्पर केलं, औषधाच्या पट्टीच्या चंदेरी कागदाचं.
भिंतींना काळ्या दगडाचा रंग, तीन हात.
पाटी त्यानं स्वतः लिहिली, भिंग लावून,
हात कापत होता, तरी अक्षर सरळ.

आणि चौतीस नंबर सापडेना.
तिकीट खिडकीखालची फळी, तांदळाएवढी.
बाकाखाली झाडलं, केरात चाळलं,
सदऱ्याच्या बाह्या उलट्या केल्या.
खोक्यातच नव्हता की माझ्या हातून उडाला,
आता कोण सांगणार.

त्याच दिवशी त्याची कवळी पुरी झाली.
एक कोपरा भरून घेतला, तेवढ्याच हिरडीचं गुलाबी
वाटीच्या तळाशी चमचाभर उरलं होतं.
काडीवर घेतलं, खिडकीखाली ठेवलं,
घट्ट झाल्यावर पात्यानं रेष मारली.
बसलं. रंग सकाळी देऊ म्हटलं.

सकाळी तोच दारात.
कवळी बसवली. जीभ आतून फिरली,
नव्या खोलीत पाहुणा भिंती चाचपतो तशी.
"एकसष्ट म्हणा, सदुसष्ट म्हणा," मी म्हटलं,
सगळ्यांना हेच सांगतो.
त्यानं काही मोजलं नाही.
उठला, सदरा खाली ओढला,
बोळाकडे तोंड करून ओरडला:
आरग. बेलंकी. सलगरे.
पुढे कवठे महांकाळ, लंगरपेठ, ढालगाव होतं,
पण तो सलगऱ्यालाच थांबला.
समोरच्या झेरॉक्सवाल्यानं मान बाहेर काढली.

मग खाली वाकून त्यानं स्टेशन बघितलं.
"हे गुलाबी काय?"
"तुमच्याच हिरडीतलं उरलेलं. काळं करतो आत्ता."
गालात जीभ फिरवून तो बराच वेळ गप्प.
"असू दे की," म्हणाला. "तिकीट तिथनंच मिळायचं."
आणि पैशाचं एक तारखेला बघू म्हणून
स्टेशन पोटाशी धरून गेला.

खोक्यातली माणसं मात्र इथेच राहिली:
लांब कोटातली एक बाई, बॅग घेतलेला एक बाप्या.
सलगऱ्याला कोटाचं काय काम.
फळीवर प्लास्टरच्या जबड्यांशेजारी उभी आहेत,
कुठल्यातरी गाडीची वाट बघत.
धूळ बसली की ब्रश फिरवतो.