मंडईपाशी

तिसऱ्यांदा मेण आलं लॅबमध्ये
आणि तिसऱ्यांदा जबडा वेगळ्याच ठिकाणी.
पट्टीवर लिहिलेलं: कुदळे येसाजी, ७१, पूर्ण कवळी.
डॉ. तांबोळींना फोन केला,
म्हटलं, मॅडम, हा माणूस एक आहे की तीन?
त्या म्हणाल्या, हसू नका, इकडे या.

बिबवेवाडीचा अरुंद जिना, पिवळा दिवा, खुर्ची.
तोंडासमोर स्टीलची कमान,
तिचे दोन बोळे दोन्ही कानांत,
नाकाच्या शेंड्यावर पेनाचा एक ठिपका,
हनुवटीवर दुसरा.
"काका, जबडा सैल सोडा."
सैल सोडा म्हटलं की हनुवटी पुढेच येणार,
जणू मागच्या दारात कुणी बिनतिकिटाचा उभा आहे.

तेहतीस वर्षं पीएमटीत. कात्रज डेपो.
दात गेले, आवाज जागेवर.

मी त्यांच्या कानांपुढे बोटं टेकवली,
हाड खाचेत फिरतं तिथे.
बावीस वर्षं नुसतं प्लॅस्टर हाताळलेली बोटं,
त्यांना ते ऊबदार हलणं सोसेना.
उजवीकडे गोल, गुळगुळीत.
डावीकडे आधी एक कट्ट,
जुन्या बसचा गिअर पडावा तसा,
मग गोल.

मॅडम म्हणाल्या, साठपासून सत्तरपर्यंत मोजा.
एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट...
"कुणाला सुटे द्यायचेत?" म्हणाले आणि थांबले.

मग कुणी न सांगताच सुरू झाले,
डोळे मिटून, मेणाच्या कडांमधून ओलसर:
कात्रज. बालाजीनगर. पद्मावती.
लक्ष्मीनारायण.
स्वारगेट, स्वारगेट, पुढे सरका.
मं
आणि ओठ मिटले,
जबडा आपल्याच वजनानं टांगला गेला,
कुणाकडे काही मागायचं नसल्यासारखा.
"तिथेच राहा," मॅडम कुजबुजल्या.
ठिपक्यापासून ठिपका, अडुसष्ट मिलिमीटर.
पुन्हा मंडई. अडुसष्ट.
पुन्हा. अडुसष्ट.

आता ती हनुवटी माझ्या फळीवर आहे,
पितळी बिजागरीत, स्क्रू आवळून,
मापातून दोन मिलिमीटर वजा करून,
कारण माणूस गप्प बसला असेल तेव्हा
वरच्या दातांनी खालच्यांना शिवायचं नसतं.

डावीकडचा कट्ट मात्र कुठल्याच आकड्यात आला नाही.
पितळ दोन्हीकडे सारखंच फिरतं.
प्लॅस्टरच्या कडेला पेन्सिलनं लिहून ठेवलंय:
डावीकडे जरा थांबतो.

काल विचारून गेले, भाजलेले शेंगदाणे चालतील का.
म्हटलं, आधी केळं.