उजवीकडून थोडं कापा

रुवीत, लाँड्रीच्या वरच्या खोलीत, गुरुवारी रात्री नऊनंतर
आम्ही एकमेकांचे फोटो फाडतो. शब्दांनी.
प्रोजेक्टर तळवडेकरांचा,
पडदा म्हणजे खालून आणलेली कुणाची तरी चादर;
इस्त्रीची घडी मधोमध राहिलेली,
त्यामुळे आमच्या प्रत्येकाच्या समुद्राला
एक उभी घडी असते.

नियम एकच: ज्याचा फोटो, त्यानं पाच मिनिटं गप्प बसायचं.
किती ऊन होतं, किती थांबलो,
नेमका तेव्हाच बायकोचा फोन आला,
काही सांगायचं नाही.
तोंड असेल तर फोटो बोलेल.

जेसीमोल नाइट ड्यूटीच्या आधी येते,
जांभई दाबत म्हणते, क्षितिज कललंय,
पेशंट असता तर पलंगावरून पडला असता.
मुराद इथलाच, मत्रहचा.
पाहुण्यानं आपल्या घरातल्या तांब्याचा फोटो काढावा
तसं त्याला होतं आमचे बुरूज, आमचे सूर्यास्त बघून:
"छान. पण हे तर रोजच असतं."
तळवडेकर बँकेतले. लेन्स हातापेक्षा लांब.
त्यांच्या फोटोत खवला न् खवला मोजता येतो
आणि मासा कुठेच नसतो.

मी क्वांटिटी सर्व्हेअर. माझं वाक्य ठरलेलं:
उजवीकडून थोडं कापा. नाहीतर डावीकडून.
जास्तीचं ते मला लगेच दिसतं,
सिमेंट असो की आभाळ.

माझ्या फोटोंवर जेसीमोल एकदा म्हणाली होती,
"अकरा वर्षं झाली, ह्यांच्या फोटोत माणूस येत नाही."
मी पाच मिनिटं गप्प.
सांगणार तरी काय, की मी थांबतो?
एसीतून बाहेर काढलं की लेन्सला घाम फुटतो, तो पुसत,
कॉर्निशवर ट्रायपॉड रोवून थांबतो,
फेऱ्या मारणाऱ्या बायका, सायकलवरची पोरं,
गळ टाकून बसलेला बंगाली,
सगळे चौकटीतून जाईपर्यंत.
जातात. सगळे जातात.
मग मी बटण दाबतो.

त्या गुरुवारी युनूस खोत पहिल्यांदा वर आला.
हर्णैचा, खाली इस्त्रीला असतो.
कायमचं गावी गेलेल्या कुणी स्वस्तात दिलेला कॅमेरा,
पट्ट्यावर अजून त्याच माणसाचं नाव.
फोटो पहाटेचा. कठड्यावर चार कुरव,
चपला काढून बसलेला एक म्हातारा,
त्याच्या दिशदाशाची घडी इतकी धारदार
की उजेड तिथे दोन होतो.

"क्षितिज सरळ आहे," जेसीमोल म्हणाली.
तिच्याकडून ही शाबासकीच.
मी खुर्ची पुढे ओढली.
सगळं जमलंय, म्हटलं, पण उजव्या कडेचा तो इसम.
पाठमोरा, खांदे पाडलेला, काहीच करत नाहीये.
नजर उगाच तिकडे जाते.
काढा त्याला. बोटभर कापा.

तळवडेकर खोकले.
जेसीमोल चहाच्या कपात बघू लागली.
युनूस गप्प. नियम त्यालाही सांगितला होता.
प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत राहिला,
आणि मग मीही बघितलं, घडीच्या उजवीकडे:
निळ्या चौकड्यांचा शर्ट,
कॉलरची मागची शिवण उसवलेली,
मंगळवारीच धुऊन आलेला.
पुढ्यात, अर्धे चौकटीबाहेर, तीन पाय.

पुढच्या गुरुवारी युनूसनं तोच फोटो आणला,
मी सांगितला तसा कापून.
आणि खरं सांगतो, फोटो सुधारला होता.
सगळ्यांनी मान्य केलं. मीही.

निघताना जिन्यात त्यानं शर्टांच्या गठ्ठ्यावर
एक पाकीट ठेवलं, बिलासारखं.
आत ती पट्टी. बोटभर रुंद, वीतभर उंच:
थोडं पाणी, थोडा कठडा, मी.
"फेकवेना," म्हणाला.
कुठे उभा होतास रे, मी विचारलं, दिसला नाहीस.
"आधी तुमच्या समोरच होतो की.
तुम्ही हात केलात, बाजूला हो म्हणून.
झालो.
मग मागून बरं दिसलं सगळं."

शर्टांचे सहाशे बैसा झाले होते.
मी सुटे शोधत राहिलो बराच वेळ.