पंच्याऐंशीवा दाणा

रेझेक्नेच्या बियाणे-तपासणी केंद्रात
मला आधी शिकवलं टीपकागद भिजवायला.
बोट टेकलं की ओल लागावी, थेंब लोंबू नये.
मग काळ्या पावाची राय, चिमट्याने,
दहा रांगा, रांगेत दहा.
पोत्यात दाणे सोळा-सतरा लाख
आणि आमच्या पुढ्यात शंभर.

शितावरून भाताची परीक्षा, ठीक आहे.
पण किती शितं?
आणि भात कच्चा ठरवायला
त्यातली किती कडक निघावी लागतात?
एवढं कुणी म्हणीत घातलं नाही.
स्कायद्रीतेने ते भिंतीवर लावलं होतं:

शंभरी नव्वद उगवणाऱ्या, पारखून घेतलेल्या पोत्यांतून
वर्षानुवर्षं काढलेले शंभर-शंभर दाणे,
दर मोजणीचा पेन्सिलने एक ठिपका.
नव्वदवर गर्दी, शेजारच्या आकड्यांवर खेटाखेट,
मग उतार, डावीकडे जरा लांबलेला,
गवताची गंजी रचता रचता
कुणाचा त्या बाजूने पाय घसरावा तसा.
"चांगलं पोतं म्हणजे नव्वद नव्हे," ती म्हणायची,
"चांगलं पोतं म्हणजे ही अख्खी गंजी."

त्या मार्चमध्ये गेनोवेफाचं पोतं आलं.
आधी मानायचं, पोतं चांगलंच आहे.
मनापासून नव्हे, रीत म्हणून;
त्याला शून्य गृहीतक म्हणायचं.
मग विचारायचं: खरंच चांगलं असेल
तर इतके, किंवा याहून कमी, उगवणं
शंभरात किती वेळा घडेल?
पाचांहून कमी, तर नाकारायचं.
पाच हा काही देवाने दिलेला आकडा नाही,
पण दाणे भिजवण्याआधी वहीत लिहायचा. शाईने.

सातव्या दिवशी दुपारी मी मोजले.
चौऱ्याऐंशी.
पुन्हा मोजले. चौऱ्याऐंशी.
आठव्या रांगेतला तिसरा दाणा टम्म फुगलेला,
साल तडकलेली, आत काहीतरी पांढुरकं.
अंकुर? की नुसती चीर?
पंच्याऐंशी धरले तर शंभरात सात, पोतं सुटलं.
चौऱ्याऐंशीला शंभरात चार.
भिंग घेऊन त्या एका दाण्याभोवती
मी चौऱ्याऐंशीचा फेरा घालत राहिले.

स्कायद्रीते आली, वाकली.
"मूळ दिसतंय?"
"दिसेल असं वाटतंय."
"वाटण्याचा रकाना नाही, आउस्मा."

आठव्या दिवशी सकाळी त्याला मूळ होतं,
केसाएवढं, वाकडं.
मी वही पुढे सरकवली. तिने मिटली.
"सातव्या दिवशी मोजायचं, हे कधी ठरलं?"
"पहिल्या दिवशी."
"मग?"

गेनोवेफा निकाल न्यायला आली,
बुटांना बर्फाचा चिखल.
"म्हणजे माझी राय वाईट?"
"तसं मी लिहिलेलं नाही.
चांगली असती तरी शंभरात चार वेळा असं होतं."
"मग मी त्या चारांतली असेन."
"असशीलही."
"आणि तुला ते कळणार कसं?"
स्कायद्रीते भिंतीकडे बघत राहिली.
डावीकडच्या उतारावर, चौऱ्याऐंशीपाशी,
आधीचेच तीन-चार ठिपके होते,
सगळे चांगल्या पोत्यांचे.
"नाही कळणार," ती म्हणाली,
आणि कागदावर शिक्का मारला.

गेनोवेफाने ते पोतं पेरलं नाही, दळलं.
शनिवारी तिचा नातू एक पाव देऊन गेला,
काळा, शहाजिऱ्याचा, अजून कोमट.
कसा झालाय, मी विचारलं.
स्कायद्रीतेने घास सावकाश चावला.
"एका तुकड्यावरून मी मत देत नाही,"
म्हणाली, आणि दुसरा कापला.